कुणाच्या हातचा काढा

गेल्या पावसाळ्यात भोरच्या एसटीतून मी स्वारगेटला उतरले तेव्हा हातात गवती चहाचा एक ठोंब होता. आजीने परसातून मुळासकट उपटून, ओल्या फडक्यात बांधून दिलेला. पाती काही पिशवीत मावत नव्हती, त्यामुळे अख्ख्या गाडीभर त्याचा वास. कापूरहोळला चढलेल्या एक काकू शेजारी बसल्या आणि पाच मिनिटांत म्हणाल्या, "चार पाती दे गं, घसा बसलाय." मी दिल्या. मग मागच्या सीटवरून एक हात पुढे आला. मग कंडक्टरने "पोरगं खोकतंय घरी" म्हणून दोन घेतल्या. स्वारगेट येईपर्यंत ठोंबाची पार हजामत झाली होती. मुळं शाबूत होती, तेवढं पुरतं. हे गवत मुळांवर पुन्हा येतं.

स्टँडबाहेर पाऊस कोसळत होता. रिक्षा मिळेना म्हणून टपरीवर थांबले. टपरीवाल्याने आलं ठेचता ठेचता पिशवीकडे बघितलं, "टाकू का एक?" म्हणाला, आणि उरलेल्यातली एक पात घेऊन तिची गाठ मारून उकळत्या चहात सोडली. पैसे घेताना दोन रुपये कमी घेतले. माझ्या पातीचे.

त्या कपात चहाही होता आणि काढाही होता. हे दोघे एका पातेल्यात कसे आले, हा प्रश्न मी गेली दोन-तीन वर्षं जमेल तसा शोधतेय. त्याला एक घरगुती कारण आहे. ते शेवटी सांगते, कारण आधी सांगितलं तर बाकीचं कुणी वाचणार नाही.

सुरुवात शब्दांपासून करू. गवती चहात चहा नसतो. चहाचं झाड वेगळं, हे गवत वेगळं. त्याला येणारा लिंबासारखा वास सिट्रालचा, जो लिंबाच्या सालीतही असतो. संस्कृत ग्रंथांत त्याला भूस्तृण म्हणतात. म्हणजे गवत आपल्याकडे होतंच, चहा नंतर आला, आणि आल्यावर या गवताला आपलं नाव चिकटवून गेला. 'चहा' शब्द मूळचा चिनी.

काढ्याचं मात्र सगळं घरचं. पुष्कळांना वाटतं 'काढणे'वरून काढा, म्हणजे औषधी वनस्पतींचा अर्क काढतात म्हणून. तसं नाही. संस्कृत 'क्वथ्' म्हणजे उकळणं. त्याचा 'क्वाथ', आणि प्राकृतातून मराठीत येता येता काढा. कढणे, कढी, तूप कढवणे हे सगळे त्याचेच भाऊबंद. रडू दाबून धरलं की आतून 'कढ' येतात म्हणतो ना, तोही याच कुळातला. मला हे कळलं तेव्हा का कोण जाणे फार बरं वाटलं.

शार्ङ्गधर नावाच्या वैद्याने साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात जी संहिता लिहिली, तिच्यात वनस्पतीचं औषध करायच्या पाच मूळ पद्धती दिल्या आहेत. ताज्या पाल्याचा पिळून काढलेला तो स्वरस. वाटून केलेला गोळा तो कल्क. सोळापट पाण्यात उकळून आठवा हिस्सा उरवलेला तो क्वाथ, ज्याला घरात 'अष्टमांश काढा' म्हणतात. रात्रभर गार पाण्यात भिजवून सकाळी गाळलेलं ते हिम. आणि कढत पाणी ओतून, थोडा वेळ मुरू देऊन गाळलेला तो फांट.

हा शेवटचा फांट लक्षात ठेवा. इंग्रज ज्या रीतीने चहा करतात, किटलीत पत्ती, वरून उकळतं पाणी, झाकण, पाच मिनिटं, ती रीत म्हणजे नेमका फांट. आणि आपण जो करतो, पातेल्यात सगळं एकत्र घालून रंग येईस्तोवर उकळतो, तो काढा. या दोन पद्धतींची पुढे चांगलीच जुंपणार आहे.

आधी घरातल्या काढ्यांबद्दल थोडं. लिहिलेला इतिहास वैद्यांचा आहे. प्रत्यक्ष काढा उकळला तो मात्र बहुतेक बायकांनी, चुलीच्या मागच्या वैलावर, दुसरा स्वयंपाक चालू असताना. सर्दीला आलं, तुळस, मिरी, गवती चहा. कोरड्या खोकल्याला ज्येष्ठमध. पोटात दुखलं की ओवा. लहान बाळाला बडीशेपेचं पाणी. बाळंतिणीसाठी तर बाळंतकाढ्यांची अख्खी मालिकाच, १ नंबर, २ नंबर, ३ नंबर. पहिल्या दहा दिवसांचा वेगळा, पुढचा वेगळा. आजही आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात याच नावाने बाटल्या मिळतात. पुण्यात रविवार पेठेत काष्ठौषधींची दुकानं आहेत, तिथे नुसतं "बाळंतिणीचं द्या" म्हटलं की माणूस पुढचे प्रश्न स्वतः विचारतो. कितवा दिवस? दूध येतंय का?

हे आपल्यापुरतंच आहे असं मात्र समजू नका. इजिप्तमध्ये बाळंतिणीला मेथीदाण्यांचा काढा देतात, त्याला तिथे हेल्बा म्हणतात. पोट बिघडलं, झोप येत नाही, की यानसून. ती आपल्या बडीशेपेच्या नात्यातली, जरा जास्त गोड. आणि त्यांचं एक लाडकं पेय करकदे. गडद लाल, आंबट, हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात गार. लग्नातही पाहुण्यांच्या हातात तोच पेला. करकदे ज्याच्या बोंडांचं करतात ते झाड म्हणजे आपली लाल अंबाडी. विदर्भात अंबाडीच्या बोंडांचं सरबत होतंच. कैरोच्या कॅफेत बसलेला माणूस आणि वर्ध्याच्या अंगणात बसलेला माणूस एकाच झाडाचं लाल पाणी पीत असतात आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो.

इजिप्तच्या या पेयांबद्दल वाचताना एक गोष्ट सतत समोर येते. अमुक वनस्पती अमुक रोगावर, हे सांगणारे लोक लगेच पुढे सांगतात की ती कोण करून द्यायचं. आई. आजी. शेजारची बाई. आपल्याकडेही तेच. "माझी आजी काढा करायची" हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. "मी स्वतःसाठी काढा केला" हे किती वेळा?

काढा कुणाच्या हातचा, हा प्रश्न घरात कधी पडला नाही, कारण हात घरचेच होते. चहा आला तेव्हा तो पडला, आणि असा पडला की पुणं दोन वर्षं त्यातून बाहेर येईना.

स्वारगेटहून घोरपडे पेठेतून आत चालत गेलात तर वीस-पंचवीस मिनिटांत गुरुवार पेठेत पंचहौद मिशनपाशी पोचता. पवित्र नाम देवालयाचा उंच घंटामनोरा लांबूनच दिसतो. तिथे ऑक्टोबर १८९० मध्ये एका कार्यक्रमाला शहरातली बडी मंडळी जमली होती. टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. कार्यक्रमानंतर मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी घेतली, कुणी नुसता कपाला हात लावला, कुणी तोही लावला नाही. त्यानंतर गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती, यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली. हाच तो चहाचा ग्रामण्य. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला शास्त्री नेमले गेले, घरांवर बहिष्कार पडले. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं, आणि त्यावरून त्यांच्याच सुधारक मित्रांनी त्यांना बोल लावले. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहिला आहे. तो वाचताना लक्षात येतं की घरातल्या बायकांना यात कुणी काही विचारलं नव्हतं, आणि बहिष्काराचा रोजचा त्रास मात्र त्यांच्याच वाट्याला येणार होता.

मला यातली गंमत अशी वाटते की त्या दिवशी कपात काय होतं याची कुणालाच पडली नव्हती. चहा चांगला की वाईट, तब्येतीला सोसतो की नाही, हा वादच नव्हता. वाद होता तो कुणी दिला याचा.

तब्येतीचा प्रश्न चहाने खरं तर फार आधी सोडवला होता, काढा होऊन. जॉन ओव्हिंग्टन नावाचा एक इंग्रज पाद्री १६८९ मध्ये सुरतेला होता. तिथे चहा पितात, आणि उष्ण मसाले घालून उकळलेला चहा डोकेदुखीवर, पोटाच्या मुरड्यावर गुणकारी समजतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. म्हणजे आसामात चहाचे मळे होण्याच्या दीडशे वर्षं आधी सुरतेच्या बंदरात मसाला चहा उकळत होता, आणि तो औषध होता. अनोळखी चिनी पत्तीला आपल्या लोकांनी ओळखीच्या पातेल्यात घातलं.

मग विसाव्या शतकात चहा कंपन्यांना देशी गिऱ्हाईक हवं झालं. १९०३ मध्ये चहावर उपकर बसवणारा कायदा आला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. गाड्या घेऊन माणसं गावोगाव फिरली, बाजारात फुकट कप वाटले, रेल्वे स्टेशनांवर पाट्या लागल्या. १९३०च्या दशकात तर बायकांना घरोघर पाठवून स्वयंपाकघरात चहा करून दाखवला जाई. शिकवण एकच: पाणी ताजं घ्या, किटली गरम करा, माणशी एक चमचा पत्ती, वरून उकळतं पाणी, पाच मिनिटं झाका, आणि काहीही झालं तरी पत्ती उकळू नका. म्हणजे फांट करा, काढा करू नका.

लोकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी जाऊन पातेलं चुलीवर ठेवलं. थोड्या पत्तीत जास्त दूध, भरपूर साखर आणि मसाला घालणारे चहावाले प्रचारकांच्या डोळ्यांत खुपत, कारण पत्ती कमी खपे. आणि पुढे चाक फिरलं ते यंत्रामुळे. १९३०मध्ये आसामात पत्ती चुरडून बारीक दाणे करणारं सीटीसी यंत्र आलं. स्वातंत्र्यानंतर हा स्वस्त, कडक दाणेदार चहा सगळीकडे पसरला. तो किटलीत मुरवत ठेवण्यापेक्षा उकळायलाच बरा. कंपन्यांनी अखेर काढ्याला शोभेल असाच माल बनवला.

पुण्यात याचं देऊळच उभं राहिलं, अमृततुल्य. १९२०च्या दशकापासून राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी पेठांमध्ये ही दुकानं टाकली. दारातच ओटा, पितळी पातेलं, खलबत्त्यात कुटलेली वेलची आणि आलं, फडक्यातून गाळलेला चहा, पाटीवर देवाचं नाव. चव उत्तम, वाद नाही. पण ज्या शहराने मिशनऱ्याच्या हातच्या चहावरून एवढा गदारोळ केला, त्याच शहरात ब्राह्मणाच्या हातचा चहा इतक्या सहज रुळला, याला नुसती वेलची कारण नसावी. अमृततुल्यचं कौतुक करताना हा भाग आपण गाळतो.

तेव्हा स्वारगेटवरूनच दुसरी एक गाडी पकडू, कोल्हापूरची. तिथे गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेतले नोकर. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना मारहाण केली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, शिवाय गंगारामांना हॉटेल काढायला मदत केली. त्याचं नाव 'सत्यसुधारक'. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? कुणी आलं नाही. मग महाराज गाडीतून फिरायला निघाले की तिथे थांबू लागले. चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही पाजायचे. महाराजांसमोर नको म्हणायची कुणाची छाती? कप परत करता येईना आणि प्रायश्चित्त मागता येईना. पंचहौदचा चहा आणि हा चहा यांत तीस वर्षांचंसुद्धा अंतर नाही. खेड्यापाड्यांतल्या हॉटेलांतली दलितांची वेगळी कपबशी मात्र त्यानंतरही कित्येक दशकं भिंतीबाहेरच्या कोनाड्यात पालथी पडून राहिली.

काढा पुन्हा चर्चेत आला तो २०२० मध्ये. ३१ मार्चला आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी, मनुका यांचा काढा दिवसातून एक-दोनदा घ्या असं सांगितलं. महिनाभरात प्रमाणही ठरलं: तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक. शतकानुशतकं चिमटीने मोजलेली गोष्ट सरकारी परिपत्रकात आली, पाकिटात आली, चहाच्या पिशवीत आली. तुम्हाला आठवत असेल, सोसायटीच्या ग्रुपवर रोज कुणी ना कुणी नवा काढा टाकत होतं. लोक तो भीतीने पीत होते. तोंड आलं, छातीत जळजळलं, तरी पीत होते. २०२१मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. यातला वाद तज्ज्ञांचा आहे. पण वनस्पतीत खरंच काही गुण असेल, तर ती जास्त झाल्यावर त्रासही देणार, एवढं तर कुणीही मान्य करावं. "आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही" हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकलं त्यांतला एकही वैद्य नव्हता.

आता ते घरगुती कारण.

२०२३च्या हिवाळ्यात मला ताप होता आणि आजी माझ्यासाठी काढा उकळत होती. मी तोंड वाकडं केलं. ती म्हणाली, "नको असला तर सांग. ओतून देऊ नकोस." आणि मग, पदराने पातेलं उतरवत, अगदी बाजारभाव सांगावा तशी सांगत गेली. १९४६ साल. ती अकरा वर्षांची, धाकटी बहीण सातची. बहिणीला मुदतीचा ताप. वैद्यांनी नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, सुंठ असं काही दिलेलं. तापातलं हे जुनं पाणी चरकापासून चालत आलेलं आहे, हे मला नंतर कळलं. आईला सगळं घर बघायचं होतं, म्हणून काढा पाजायचं काम आजीकडे. पोरगी तोंड घट्ट मिटायची, रडायची. एका दुपारी आजीने कंटाळून पेला तुळशीमागे ओतला आणि आईला सांगितलं, प्यायली. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. एकोणिसाव्या दिवशी बहीण गेली.

सत्त्याहत्तर वर्षं हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आजोबांनाही नाही.

मी मग जे आमची पिढी करते ते केलं. फोन काढला, वाचलं, आणखी वाचलं. विषमज्वरावर पहिलं खरं गुणकारी औषध क्लोरॅम्फेनिकॉल. ते सापडलं १९४७ मध्ये आणि रुग्णांना मिळायला लागलं १९४८ पासून. १९४६मध्ये पुण्यातल्या मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरकडेही त्यावर देण्यासारखं काही नव्हतं. काढ्याने ताप बरा झाला नसता. फार तर उकळलेलं पाणी पोटात गेलं असतं, आणि ज्या काळात नदीचंच पाणी दुखणं घेऊन यायचं, त्या काळात तेही कमी नव्हतं. पण दोन पेल्यांनी काही बदललं नसतं. हे सगळं मी आजीला नीट समजावून सांगितलं. तारखांसकट. मला वाटलं, मी तिच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरवतेय.

तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "औषध नव्हतं म्हणतेस, ते असेल बाई. पण तिला तो कडू लागायचा. मला गुळाचा डबा कुठे असतो ते ठाऊक होतं. तापात गोड देत नाहीत म्हणून आईने डबा वर ठेवलेला. मी काढून एक खडा घालायला हवा होता."

त्यावर मला काही बोलता आलं नाही.

त्या दिवसापासून मी हे सगळं वाचायला लागले, ओव्हिंग्टन आणि पंचहौद आणि बाकीचं. आजी कधीच कुणाला काढ्यावर ठेवत नाही. घरात कुणाला ताप आला की तिचं पहिलं वाक्य, "आधी डॉक्टरकडे ने." ते झालं की मग पातेलं. माझ्या लहानपणी मला वाटायचं की तिचा काढ्यावर विश्वास नाही, तरी ती सवयीने करते.

भोरहून आणलेला तो ठोंब मी गॅलरीतल्या जुन्या बादलीत लावला. पंधरा दिवसांत नवी पात आली, तिच्या धारेने बोटही कापलं. ऑगस्टात माझ्या रूममेटला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स, रिपोर्ट, डॉक्टरांची फेरी, सगळं झाल्यावर चौथ्या दिवशी रात्री ती म्हणाली, तोंडाला चव नाही, काहीतरी गरम दे. डॉक्टरांना फोन करून विचारलं, गवती चहा दिलेला चालेल का. ते म्हणाले, द्या की, पातळ काहीही भरपूर द्या. मी तीन पाती तोडल्या, गाठ मारली, आलं किसलं, पाणी उकळत ठेवलं. चहा पत्ती घातली नाही. गूळ घातला, चव बघितली, आणि आणखी एक खडा घातला.